पहिलं वाक्य कोणतं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या बीड जिल्ह्यात ‘रिझल्ट’ हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. मृग जवळ आला की कृषी सेवा केंद्रापुढं गर्दी होते. कपाशीच्या बियाण्याची पिशवी हातात घेऊन शेतकरी दुकानदाराला विचारतो, ‘‘याचा रिझल्ट कसाय?’’ दोन महिन्यांनी फवारणी वाया गेली, की तोच शेतकरी सांगतो, ‘‘औषधाला रिझल्टच न्हाई.’’ दहावीचा निकाल ज्या दिवशी लागतो, त्या दिवशी शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा नातवाला विचारते, ‘‘रिझल्ट लागला का रं?’’ आपला मराठी ‘निकाल’ शब्द तर दुधारी आहे. परीक्षेचा निकाल लागला म्हणजे फळ कळलं, आणि गारपिटीनं पिकाचा निकाल लागला म्हणजे पीक संपलं.

असा हा घरचा झालेला शब्द. पण त्याच्या पुढं ‘ॲज अ’ हे दोन शब्द लागले, की चांगली चांगली मुलं अडखळतात. जिल्ह्याच्या ग्रामीण भागात मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. ‘ॲज अ रिझल्ट’ या तीन शब्दांनी मला जितकं दमवलं आणि जितकं शिकवलं, तितकं दुसऱ्या कुठल्या शब्दप्रयोगानं नाही. आजचं बोलणं त्याच्यावरच आहे.

आधी अर्थ पाहू. ‘ॲज अ रिझल्ट’ म्हणजे ‘त्याचा परिणाम म्हणून’, ‘परिणामी’, साध्या बोलीत ‘त्यामुळे’. हा शब्दप्रयोग दोन वाक्यांच्या सांध्यावर बसतो. ‘इट डिड नॉट रेन. ॲज अ रिझल्ट, द वेल्स वेन्ट ड्राय.’ पाऊस पडला नाही. परिणामी विहिरी आटल्या. आधीच्या वाक्यात कारण, नंतरच्या वाक्यात परिणाम. पहिलं वाक्य पूर्णविरामानं संपवायचं, ‘ॲज अ रिझल्ट’ लिहायचं, त्याच्यापुढं स्वल्पविराम द्यायचा आणि मग परिणाम सांगायचा. वापर एवढाच आहे.

आता चुका कुठं होतात ते सांगतो. पहिली चूक मधल्या ‘अ’ची. मुलं ‘ॲज रिझल्ट’ लिहितात. त्यांचा दोष नाही. मराठीत नामाच्या आधी असा ‘अ’ किंवा ‘द’ लावायची रीतच नाही, म्हणून तो आपल्या कानाला ऐकूच येत नाही. हे तीन शब्द एका दमात, एक शब्द असल्यासारखे पाठ करावेत.

दुसरी चूक ‘ऑफ’ची. ‘ॲज अ रिझल्ट’ आणि ‘ॲज अ रिझल्ट ऑफ’ हे जुळे भाऊ दिसतात, पण त्यांची तोंडं उलट दिशेला आहेत. नुसतं ‘ॲज अ रिझल्ट’ आलं, तर कारण मागं सांगून झालेलं असतं आणि पुढं परिणाम येतो. ‘ऑफ’ लागला, की त्याच्या लगेच पुढं कारण येतं. ‘ॲज अ रिझल्ट ऑफ द ड्रॉट, द वेल्स वेन्ट ड्राय.’ दुष्काळामुळे विहिरी आटल्या. म्हणजे हा ‘ऑफ’ आपल्या ‘मुळे’ या शब्दाचं काम करतो. आपला ‘मुळे’ जसा नामाला चिकटतो, तसंच इथंही ‘ऑफ’च्या पुढं नाम हवं, सबंध वाक्य चालत नाही. ‘ॲज अ रिझल्ट ऑफ इट डिड नॉट रेन’ असं लिहिलं की गुण गेलेच समजा. मुलांना मी एक ओळ पाठ करायला लावत असे: ‘ऑफ’ नसला तर कारण मागं, ‘ऑफ’ असला तर कारण पुढं.

तिसरी चूक आपल्या मराठी वळणाची. मराठीत आपण ‘ज्याअर्थी’ म्हटलं की ‘त्याअर्थी’ म्हणतो, ‘जसं’ आलं की ‘तसं’ येतं. आपल्याला जोडी लागते. म्हणून आपली मुलं इंग्रजीतही ‘बिकॉज’ लिहून पुढं ‘सो’ लिहितात. इंग्रजीला एका वाक्यात कारणाचा एकच सांधा पुरतो. ‘बिकॉज’ घेतला असेल तर ‘सो’ नको आणि ‘ॲज अ रिझल्ट’ही नको.

चौथी चूक मात्र व्याकरणाच्या थोडी पलीकडची आहे. ती ‘सो दॅट’ आणि ‘ॲज अ रिझल्ट’ यांच्या गोंधळाची. आपल्या मराठीतली ही दोन वाक्यं ऐका. ‘पिकाला पाणी मिळावं म्हणून बोअर घेतला.’ ‘पिकाला पाणी मिळेना म्हणून बोअर घेतला.’ दोन्हीकडं ‘म्हणून’च आहे. पण पहिल्यात हेतू आहे आणि दुसऱ्यात कारण आहे. इंग्रजी हे दोन धंदे वेगवेगळ्या शब्दांना वाटून देतं. हेतू सांगायचा तर ‘सो दॅट’. आता तिसरं वाक्य ऐका. ‘मी बोअर घेतला. ॲज अ रिझल्ट, शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी गेलं.’ हे पाणी जावं असं माझ्या मनात नव्हतं, पण गेलं. जे व्हावं असं वाटतं ते ‘सो दॅट’ आणि जे प्रत्यक्षात होतं ते ‘ॲज अ रिझल्ट’. या दोघांमधलं अंतर ज्याला कळलं, त्याला इंग्रजीपेक्षा पुष्कळ जास्त कळलं, असं मी समजतो. योजना आखणाऱ्यांचे कागद ‘सो दॅट’नं भरलेले असतात. गावात जाऊन बघावं तर तिथं ‘ॲज अ रिझल्ट’ उभा असतो.

श्रोतेहो, परिणाम सांगणारे शब्द आपल्या मराठीत काही कमी नाहीत, आणि प्रत्येकाच्या पोटात वेगळी गोष्ट आहे. ‘म्हणून’ हा शब्द ‘म्हणणे’ या क्रियापदातून आला. म्हणजे मनाशी काही म्हटलं आणि मग केलं. ज्ञानेश्वरीत ‘म्हणौनि’ पावलोपावली भेटतो तो हाच. ‘त्यामुळे’ या शब्दात मूळ आहे, जमिनीखालचं झाडाचं मूळ. ‘परिणाम’ संस्कृतातून आला. सांख्य तत्त्वज्ञानात त्याचा अर्थ बदलून दुसरं रूप घेणं असा आहे आणि त्याचं नेहमीचं उदाहरण दुधाच्या दह्याचं. दही झालं की मागं फिरता येत नाही. इंग्रजी ‘रिझल्ट’ हा लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी उडी मारून परत येणं हा अर्थ आहे. भिंतीवर चेंडू टाकला की तो उलटून येतो, तसा.

आणि आपल्याकडं आणखी एक शब्द आहे, ‘सबब’. तो मूळचा अरबी, अर्थ ‘कारण’. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची आणि शिक्षणाची भाषा उर्दू होती. जुन्या पिढीतली माणसं परीक्षेच्या निकालाला ‘नतीजा’ म्हणत. ‘सबब’ मात्र साऱ्या मराठी मुलखातल्या सरकारी कागदांत मुक्कामाला राहिला. ‘सबब, अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.’ इथं त्याचा अर्थ ‘त्या कारणाने’, म्हणजे थेट ‘ॲज अ रिझल्ट’. पण घरी आपण मुलाला काय म्हणतो? ‘‘सबबी सांगू नकोस.’’ तिथं त्याच शब्दाचा अर्थ खोटं कारण, बहाणा. एकच शब्द कचेरीत गेला की निर्णय होतो आणि गरिबाच्या तोंडी आला की बहाणा ठरतो. हे मी कोटी म्हणून सांगत नाही. त्याचं कारण पुढं येईल.

परिणामाचा शब्द वापरण्याआधी एक परीक्षा घ्यावी लागते. एकानंतर दुसरी गोष्ट घडली म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असं नव्हे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. संस्कृतात त्याला काकतालीय न्याय म्हणतात. तरी आपण विसरतो. नवीन सून घरात आली, त्याच वर्षी बैल दगावला, की तिच्या पायगुणाचा ‘ॲज अ रिझल्ट’ लगेच लावला जातो. व्याकरणानं वाक्य बिनचूक असतं, पण आत अन्याय असतो.

दुसरं उदाहरण इतिहासातलं घेतो. मी वर्गात एक वाक्य नेहमी देत असे. ‘१९७२ साली मोठा दुष्काळ पडला. ॲज अ रिझल्ट, रोजगार हमी योजना आली.’ मुलांच्या घरी आजी-आजोबांनी त्या साली खडी फोडलेली असायची, मिलो आणि सुकडी खाल्लेली असायची. त्यामुळे वाक्य लवकर समजायचं. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. दुष्काळ आपल्याकडं त्याआधीही पडले होते. तेव्हा माणसं मेली, गावं उठली, पण कामाचा हक्क देणारा कायदा काही झाला नाही. मागेल त्याला काम ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडली होती. बहात्तरच्या आधीच सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात तिचा प्रयोग झाला होता. पुढं १९७५ च्या कायद्यानं व्यवसाय कर बसला. शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून तो कापला जाऊ लागला आणि त्यातून या योजनेला पैसा मिळाला. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. केंद्र सरकारनं २००५ मध्ये देशासाठी जो रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या आधी हे सगळं महाराष्ट्रात घडलं होतं.

आता सांगा, कायदा दुष्काळाचा परिणाम होता का? विहिरी आटल्या, तो दुष्काळाचा परिणाम होता. तिथं ‘त्यामुळे’ बरोबर आहे. पण कायदा माणसांनी केला. दुष्काळ पडला, ‘म्हणून’ त्यांनी मनाशी काही म्हटलं आणि मग केलं. इंग्रजीत दोन्हीकडं ‘ॲज अ रिझल्ट’ चालतं आणि माणूस त्याच्या मागं झाकला जातो. चांगलं काम करणारा झाकला जातो आणि वाईट करणाराही. तेव्हा ‘ॲज अ रिझल्ट’ लिहिताना मनाशी विचारावं, हे आपोआप झालं की कुणी केलं?

हे सगळं मला पुस्तकानं शिकवलं असं मात्र नाही. ते एका मुलीनं शिकवलं. तिचं नाव सांगत नाही. वीस-बावीस वर्षं झाली असतील.

डोंगरपट्ट्यातल्या शाळा आपल्याला माहीत आहेत. दसरा-दिवाळी झाली की वर्ग पातळ होत जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली माणसं बिऱ्हाड ट्रॅक्टरवर लादून कारखान्याला जातात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी नगरकडं, कुणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. थोरली मुलं बरोबर जातात, कारण कोपीवर धाकट्याला सांभाळायला कुणीतरी लागतं. गाळप हंगाम संपला की माणसं परत येतात. तोवर शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं.

ही मुलगी आठवीत नापास झाली होती आणि पुन्हा त्याच वर्गात बसली होती. जुलै-ऑगस्टचे दिवस असतील. मी ‘ॲज अ रिझल्ट’ शिकवलं आणि प्रत्येकाला आपल्या घरचं घडलेलं घेऊन पाच वेळा वापरून आणायला सांगितलं. बाकीच्यांनी पाऊस, विहीर, ताप, डॉक्टर असं नेहमीचं लिहिलं. हिची वही मी उघडली. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण सांधे बरोबर जागी होते. मराठीत सांगतो.

‘मी गैरहजर होते. परिणामी, मी नापास झाले.’ त्याखाली, ‘मी कोपीवर भावाला सांभाळत होते. परिणामी, मी गैरहजर होते.’ त्याखाली, ‘आई ऊस तोडायला गेली. परिणामी, मी भावाला सांभाळत होते.’ त्याखाली, ‘बापूंनी उचल घेतली. परिणामी, आई ऊस तोडायला गेली.’ आणि शेवटी, ‘पाऊस पडला नाही. परिणामी, बापूंनी उचल घेतली.’

तिनं पाच वेगळी वाक्यं लिहिली नव्हती. एकच गोष्ट उलटी, शेंड्याकडून मुळाकडं लिहिली होती. मी पाचही ठिकाणी बरोबरची खूण केली आणि वही परत दिली. ती घेऊन ती तिथंच उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘सर, पहिलं वाक्य कोणतं धरायचं?’’

मला आधी प्रश्न समजला नाही. मी म्हणालो, ‘‘तू लिहिलंयस तसंच बरोबर आहे.’’ ती म्हणाली, ‘‘मग प्रगतिपुस्तकावर एकच का लिहिलं?’’

तिच्या आदल्या वर्षीच्या प्रगतिपुस्तकावर शेरा होता, ‘सततच्या गैरहजेरीमुळे नापास.’ वर्गशिक्षक मीच होतो. अक्षर माझं होतं. व्याकरणात खोट काढता आली नसती. ‘मुळे’ नामाला लागलेला होता, कारण आधी होतं, परिणाम नंतर होता. पण मी कारणांची साखळी माझ्या सोयीच्या कडीवर तोडली होती. तिथं तोडली की दोष आठवीतल्या मुलीचा राहतो. एक कडी मागं गेलं की दोष आईचा होतो, आणखी एक कडी मागं गेलं की बापाचा, आणि अगदी शेवटी गेलं की पावसाचा, म्हणजे कुणाचाच नाही. आणि या साखळीत एक वाक्य तिनंही लिहिलं नव्हतं. ते असं, की ही मुलगी दिवाळीनंतर येणार नाही हे शाळेला दरवर्षी ठाऊक असतं आणि तरी शाळा काही करत नाही. ते वाक्य मी लिहायला हवं होतं. सबब सांगायची वेळ आता माझ्यावर आली होती.

त्या आठवड्यात मी तिच्या घरी गेलो. तिची आजी गावातच होती. ती म्हणाली, ‘‘गुरुजी, दोघा लेकरांला ठिवून घ्यायला म्या कवा न्हाई म्हणलं? पर मला कुणी इचारलंच न्हाई.’’ धान्याचं काय करायचं, दुखलं-खुपलं तर कुणी बघायचं, एवढं बोलणं तिच्या आईवडिलांशी झालं. त्या वर्षी दोन्ही लेकरं गावात राहिली. पुढं अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आली. आईवडील कारखान्याला गेले तरी मुलं गावात राहावीत, त्यांच्या जेवणाची सोय व्हावी, हा तिचा हेतू. ‘सो दॅट’ चांगला आहे. गावोगावचा ‘ॲज अ रिझल्ट’ कसा आहे, तो ज्यानं त्यानं आपल्या गावात जाऊन बघावा.

ती मुलगी पुढं दहावी पास झाली. माझ्यामुळे झाली, असं मी म्हणणार नाही. आजीनं रांधून घातलं, आईनं सहा महिने लेकरांवाचून काढले, मुलीनं कंदिलाखाली अभ्यास केला. यांतलं पहिलं वाक्य कोणतं धरायचं ते मला अजूनही सांगता येत नाही. पण त्या दिवसानंतर मी प्रगतिपुस्तकावर ‘गैरहजेरीमुळे’ असा नुसता शेरा कधी लिहिला नाही. मुलगा का आला नाही, हे विचारून एक ओळ जास्त लिहीत गेलो. जागा अपुरी पडायची, तेव्हा बारीक अक्षरात लिहायचो.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेपुरतं म्हणाल तर एवढं लक्षात ठेवा. मधला ‘अ’ विसरू नका. ‘ऑफ’ असला तर पुढं कारण आणि तेही नाम, ‘ऑफ’ नसला तर कारण मागच्या वाक्यात. ‘बिकॉज’च्या जोडीला दुसरा सांधा नको. हेतूला ‘सो दॅट’, घडलेल्याला ‘ॲज अ रिझल्ट’.

आणि मोठ्या श्रोत्यांना एक विनंती. वर्तमानपत्रात, सरकारी पत्रात, कुणाच्या भाषणात ‘परिणामी’ हा शब्द आला, की क्षणभर थांबा आणि त्याच्या आधीचं वाक्य पुन्हा वाचा. त्याच्याही आधी एखादं वाक्य असायला हवं होतं का, ते बघा. तो शब्द आपण स्वतः एखाद्या लेकराबद्दल वापरणार असू, तर दोनदा बघा.